पैकूभाऊची पसंती

पैकूभाऊनं आमच्या टॉकीजमध्ये नऊ वर्षं नोकरी केली आणि एकही सिनेमा पाहिला नाही. पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून तो तीन तास उभा राही. हातात बॅटरी. कोणी टोकलं तर म्हणे, "शिनेमा मांगूनही समजते."

समजत काही नसे. एकदा त्यानं हातगाडीवर खलनायकाचं चित्र लावलं आणि हिरो म्हणून गावभर फिरवलं. पण सिनेमा चालेल की पडेल ते पहिल्याच दिवशी सांगे. "हा बेकार. तिसऱ्या रांगेतली बुढी घोरून राह्यली होती." किंवा, "हा चालते. बायकाइनं पदरानं नाकं पुसले." मालकाचा अंदाज चुके, पैकूभाऊचा नाही.

चांद्याची ती टिनाची टॉकीज. मी बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची. चौथी शिकलेली होते, नवरा मेला होता, काम पाहिजे होतं. पैकूभाऊची उभं राहायची जागा नेमकी बायकांच्या बाकांसमोर. मला ते आवडलं नाही. तोंडावर विचारलं, "भाऊ, लेकीच्या उमरीच्या पोरीयले काय पाह्यतेस?"

"लेकीलेच पाह्यतो, बाई."

मग त्यानं सांगितलं. पटकीत बायको गेली, त्याच साली धान बुडालं. चार वर्षांची पोर उपाशी होती. तेलुगू मुलखाला लागलेल्या सिरोंचाकडं निघालेल्या एका मूल नसलेल्या नवरा-बायकोला त्यानं ती देऊन टाकली. दरसाल इथं महाकालीच्या जत्रेला आणून दाखवू, असं ती दोघं म्हणाली होती. आणली नाही. हा पायी सिरोंचाला जाऊन आला, तर ती तिथूनही हललेली.

"जत्रेले आलेला मानूस शिनेमा पाह्यल्याबिगर जाते का?" तो म्हणाला. म्हणून ही नोकरी.

"ओळखशीन कसा?"

"मायवर गेली असन."

मी रडले नाही. त्या साली आमच्या गल्लीतही पोरं दिली गेली, काही पुरली गेली.

जत्रेत काहीही लावलं तरी हॉल भरे. म्हणून ते चार दिवस मालक आम्हा चौघा नोकरांना वाटून देई. ज्याचा दिवस, त्याच्या आवडीचा जुना सिनेमा. बाहेर पाटीवर खडूनं नाव: आज अमक्याची पसंती. ऑपरेटर ज्याचं रीळ तुटत नाही तो सिनेमा निवडी. झाडूवाला देवाचा निवडी, कारण देवाच्या सिनेमाला लोक शेंगांची टरफलं कमी टाकतात. माझ्या सिनेमात शेवटी सासू विहिरीत पडे. मला त्याची लाज नाही.

पैकूभाऊ दरसाल एकच निवडी. एक माणूस आणि त्याचा उंट तीन तास वाळूत पाणी शोधतात. गाणं धड नाही, मारामारी नाही. मागून लोक ओरडत, "अबे, पानी पाज त्याले, आमाले घरी जाऊ दे!" पण पडदाभर पांढरी वाळू. हॉलमध्ये एवढा उजेड पडे की तांदूळ निवडावेत. दुसऱ्या कुठल्याच सिनेमात मागच्या रांगेतले चेहरे दिसत नसत.

एका वर्षी मालक म्हणाला, "पैकूचा बंद. मांगच्या साली लोकाइनं बाकं तोडले."

पैकूभाऊ दोन दिवस जेवला नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी मी मालकाला म्हटलं, "माह्या दिवशी वाळूचाच लावा."

"तुमालेही वाळू आवडते का, बाई?"

"लय आवडते."

सासू त्या वर्षी वाचली.

दुपारचा खेळ. जत्रेच्या बायका कपाळावर पदर ओढून बसलेल्या. मी बाकाबाकावर गेले. "पदर मांगं घ्या. मालकाचा हुकूम हाये."

"काऊन वो?" एक म्हातारी म्हणाली. "शिनेमा आमाले पाह्यते का?"

मध्यंतरात पैकूभाऊ माझ्या दाराशी आला. त्यानं बॅटरीनं चौथी रांग दाखवली. तिथं एक भरल्या अंगाची पोर होती, मांडीवर लेकरू. ती लेकराला घेऊन पाण्याच्या माठाकडं आली, तशी मी तिला गाठली. अर्धं तेलुगू, अर्धं आपलं बोलत होती. पहिल्यांदाच चांद्याला आली होती. माय कधी येऊ देत नव्हती, आता नवऱ्यानं आणलं. मायबापाची नावं विचारली. तिनं सांगितली. पैकूभाऊनं मला सांगितलेली, सिरोंचाच्या त्या नवरा-बायकोचीच ती दोन नावं.

तो माझ्यामागंच उभा होता. मी त्याला कोपरानं ढकललं. "बोल."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, जेवन झालं का?"

"झालं ना जी," ती हसून म्हणाली आणि लेकराला पाणी पाजून आत गेली.

"सांगितलं काऊन नाई?" मी त्याच्यावर खेकसले.

"तिचे मायबाप हायेत ना," तो म्हणाला. "जेवली म्हनते."

घंटा झाली. पैकूभाऊ बायकांच्या बाकांत शिरला. तिसऱ्या रांगेतल्या एका उंच बाईला त्यानं हात जोडून उठवलं आणि कडेला नेऊन बसवलं. बाई चिडली. मी काय झालं म्हणून गेले, तर हळूच म्हणाला, "तिले पडदा दिसत नोहता."