बॅटरी भरेपर्यंत

उभ्या गाडीची निगा राखणं हे चालत्या गाडीपेक्षा जोखमीचं काम आहे. चालती गाडी आपली बॅटरी आपण भरून घेते; उभ्या गाडीला माणूस लागतो. मुरुम या गावी असा माणूस होता, ही गावाला अभिमानाची बाब आहे.

राजशेखर बिराजदार सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी घरगाडी घेतली. आत दोन पलंग, शेगडी, पंखा, मोरी. बायको महादेवीबाईंना गोकर्णचा समुद्र दाखवायचा, एवढाच हेतू. (बाईंनी साठ वर्षांत पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे नळदुर्गचं धरण.)

गाडी चार महिने शेडमध्ये उभी राहिली. निघायच्या सकाळी नारळ फोडला, चावी फिरवली. गाडी 'टिक' म्हणाली आणि गप्प बसली.

गावातले बॅटरीवाले शांतलिंग मीटर घेऊन आले. "काका, इंजिनाची बॅटरी उतरली. गाडी उभी असली तरी आतलं घड्याळ, अलार्म थोडं थोडं पितच असतंय. एक तर वायर काढून ठेवा, न्हायतर चार्जर लावा."

काकांनी दोन्हीची पाळी लावली आणि वर नियमावली केली. सोमवारी व्होल्ट मोजणे. बुधवारी टोकं पुसून जेली लावणे (ही जेली महादेवीबाईंच्या टाचांसाठी वापरू नये). शुक्रवारी चार्जर. रविवारी निरीक्षण, चहासह. वर्षभरात बावन्न निरीक्षणं झाली. पैकी त्रेपन्न समाधानकारक होती (एक काकांनी आगाऊच नोंदवलं होतं).

"गोकर्णला कधी जायचं?" महादेवीबाई विचारायच्या.

"जाऊ की. पण आठ दिवस गेलो तर शुक्रवारचं चार्जिंग कोण करणार?"

 महादेवीबाईंनी दोनदा वाटेसाठी दशम्या केल्या, दोनदा शेजारी वाटल्या. तिसऱ्यांदा त्या शांतलिंगकडं गेल्या.

त्या रविवारी निरीक्षणाला शांतलिंग हजर. "काका, नुसत्या चार्जरवर काय खरं न्हाय. गाडीला रस्ता दाखवा. हा माझा मीटर काकूंच्या हातात राहू द्या. बॅटरी पूर्ण भरली, की माघारी फिरा."

हे नियमात बसत होतं. निघाले.

नळदुर्गला काकांनी विचारलं, "भरली का?"

"न्हाय. जरा कमी हाय."

सोलापूरलाही जरा कमी होती. विजापूरला मुक्काम पडला, तिथं किंचित कमी होती. हुबळीत तर अगदी होत आली होती. अशा अवस्थेत बॅटरीला अर्ध्यावर सोडणं काकांच्या तत्त्वात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ताच संपला. पुढं समुद्र होता. महादेवीबाई चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात शिरल्या. लाट आली तशा शाळकरी पोरीसारख्या किंचाळल्या. "अवो, या की! लई खारट हाय!"

काकांनी सीटवरचा मीटर उचलला. पडदा कोरा. उलटा करून मागचं झाकण काढलं, तर आत सेलच नव्हते.

ते थोडा वेळ मीटरकडं आणि बराच वेळ बायकोकडं बघत राहिले. मग मीटर सीटवर टाकून, पँट वर खोचून, चष्म्यासकट पाण्यात धावले. (तो मंगळवार होता. सोमवारची मोजणी राहून गेली होती, आणि बॅटरी जिवंत होती.)

तुम्ही हसलात, ते ठीक. माळ्यावरच्या तुमच्या चाकांच्या बॅगेतल्या डांबरगोळ्या मात्र वेळच्या वेळी बदलत जा. बॅग नवी राहिली पाहिजे.