चार चाकांचा चहाडखोर

"यंदाचा पेपर माझ्या शर्टाच्या खिशालासुद्धा कळणार नाही!"

गणिताचे सर हे वाक्य हेडबाईंच्या टेबलावर मूठ आपटून बोलले. टाचण्यांची डबी उडाली आणि हेडबाईंचा चष्मा नाकावरून एक मजला खाली उतरला.

"गेल्या वर्षी आदल्या दिवशी पेपर फुटला होता, सर," हेडबाई म्हणाल्या. "तुमचा मेहुणा क्लास चालवतो आणि आपलीच पोरं तिथे जातात. यंदा एक गणित जरी बाहेर गेलं, तर तुमची खुर्ची मी स्वतः उचलून गेटबाहेर ठेवीन. सोमवारी अकराला पाकीट फुटेल. तोवर तोंड बंद! बायकोपाशीसुद्धा!"

"बायकोपाशी? अहो, चौदा वर्षांत तिथे तोंड उघडायची संधी मिळालीये कुणाला!"

धोका बायकोचा नव्हताच. धोका होता मेहुण्याचा. मेहुणा रोज संध्याकाळी पाच वाजता ताईच्या हातचा चहा प्यायला यायचा आणि सात वाजेपर्यंत घरातला प्रत्येक कागद उलटापालटा करून वाचायचा. विजेचं बिल वाचायचा, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचा, एकदा तर सरांच्या चष्म्याचा नंबर वाचून हळहळला होता. शिवाय सरांना एक खोड होती. गणित मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हटल्याशिवाय त्यांना सुचतच नसे. वर त्या गणितात ते स्वतःलाही घालायचे. हौदात नळ सोडायचा झाला तर सर आधी मनाने हौदात उतरायचे!

म्हणून सरांनी जागा शोधली ती नव्या गाडीत. शनिवार-रविवार सोडून रोज पाच वाजता "शाळेचं महत्त्वाचं काम आहे" म्हणून निघायचं, जलतरण तलावामागच्या ओसाड रस्त्यावर गाडी लावायची, काचा वर करायच्या आणि खच्चून गणितं म्हणायची. ना मोबाइल, ना कॉम्प्युटर. एक कागद आणि एक पेन्सिल. आहे कुणाची बिशाद?

महिन्याभराने शनिवारी पाकिटावर लाख लावून सरांनी ते हेडबाईंच्या हवाली केलं आणि रविवारी दुपारी शीळ घालत घरी आले.

सोफ्यावर बायको बसली होती. शेजारी मेहुणा. पुढच्या टीपॉयवर मेहुण्याचा मोबाइल. चहा नव्हता. चहा नाही म्हटल्यावरच सरांची शीळ अर्ध्यात विझली.

"बसा," बायको म्हणाली.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. माणूस काय सांगतो याला तिच्या लेखी किंमत नसे. रिपोर्ट काय सांगतो ते खरं. आणि आज तिच्यासमोर रिपोर्ट होता.

"भाऊजी," मेहुणा घसा खाकरून म्हणाला, "गाडी घेतली तेव्हा तुमचा फोन बटणांचा होता. म्हणून गाडीचं ॲप मी माझ्या फोनवर टाकलं. आठवतंय?"

"बरं मग?"

"तेव्हा चाळीस वेळा 'मान्य' दाबावं लागलं होतं. कशाकशाला मान्य ते आज कळलं. गाडीचा महिन्याचा अहवाल आलाय." त्याने फोन उचलला. "चालकाचं वजन, दोन किलोने वाढलं. चालकाचं आवडतं ठिकाण, तलावामागचा रस्ता. वेळ, रोज पाच ते सात. चालकाची मनःस्थिती, उत्तेजित."

सरांच्या पायाखालची फरशी हलली. "गाडीला... गाडीला ऐकू येतं?"

"ऐकतेच, भाऊजी! वर महत्त्वाची वाक्यं कापून ठेवते."

मेहुण्याने बोट ठेवलं. दिवाणखान्यात सरांचाच आवाज घुमला. "ती सातला निघते! मी साडेसातला! गाठीन मी तिला, पण कुठे?"

पेपरातला दुसरा प्रश्न! पाच गुण!

"कोण ती?" बायकोने विचारलं.

ती म्हणजे सायकलवाली मुलगी, ताशी बारा किलोमीटर, हे सांगितलं की मेहुण्याला पेपर मिळाला. नाही सांगितलं तर बायको गेली. मेहुणा क्लासचा मालक असला तरी शिकवायचा इतिहास, म्हणून तर त्याला अजून वास आला नव्हता.

"दुसरं लाव," बायको म्हणाली.

"दोघी मिळून बारा दिवस! मोठी एकटी वीस! मग धाकटीला किती दिवस द्यायचे?"

"दोघी!" मेहुणा टीपॉयवर थाप मारून ओरडला. "भाऊजी, बहिणी आहेत का हो?"

"तिसरं," बायको म्हणाली. तिचा आवाज सुईसारखा बारीक झाला होता.

"बाप मीच! पण मुलाचं वय? ते शेवटपर्यंत लपवायचं!"

त्याच्या आधीचं 'समजा' गाडीने कापून टाकलं होतं. मेली गाडी!

"मी... मी आलोच," म्हणून सर न्हाणीघरात घुसले, नळ सोडला आणि गाडीच्या मदत केंद्राला फोन लावला.

"आपली गोपनीयता आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे," एक गोड आवाज म्हणाला. "हा कॉल रेकॉर्ड होत आहे."

"बाई, माझं बोलणं पुसून टाका! सगळं! आत्ता!"

"कोणत्या प्रकारचं बोलणं, सर?"

"खाजगी हो!"

"खाजगी संबंध. नोंद केली. गाडीच्या नोंदणीकृत मालकांना संदेश पाठवतेय, त्यांनी परवानगी दिली की—"

"नको! पाठवू नका! अहो बाई!"

बाहेर टिंग वाजलं. पाठोपाठ मेहुण्याचा आवाज आला. "ताई! चालकाने खाजगी संबंधांचं रेकॉर्डिंग पुसायची विनंती केलीये!"

सर बाहेर आले तेव्हा मेहुणा उभा राहून फोनवर बोटं नाचवत होता.

"हे तुकडे आहेत, ताई. अख्खं रेकॉर्डिंग मागवता येतं. आमच्या क्लासचे गणिताचे मास्तर आहेत ना, ते कॉम्प्युटरमध्ये एकदम हुशार. त्यांना सगळं पाठवतो. तासाभरात आवाज साफ करून बाईचं नाव-गाव काढून देतील."

गणिताचे मास्तर! पहिलं वाक्य ऐकताच तो माणूस वही उघडून बसेल. संध्याकाळपर्यंत अख्ख्या क्लासला बारा गणितं पाठ! उद्या गेटबाहेर खुर्ची, आणि खुर्चीवर सर! मेहुण्याचा अंगठा 'पाठवा'वर उतरू लागला.

"थांब!" सर किंचाळले. "पाठवू नकोस! आहे! एक बाई आहे! मी कबूल करतो!"

न्हाणीघरातला नळ चालू राहिल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. मेहुण्याने अंगठा मागे घेतला. पेपर वाचला! सरांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात त्यांची नजर बायकोकडे गेली.

"आणि मुलगा?" तिने विचारलं. "किती वर्षांचा?"

"सोळा!"

ते चौथ्या प्रश्नाचं उत्तर होतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडातून जवळचं असेल ते निसटतं.

"सोळा," बायको हळूच म्हणाली. "आपल्या लग्नाला चौदा."

ती उठली, आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन. दाराशी येऊन ती एवढंच म्हणाली, "मी भावाकडे जातेय. उद्या साडेदहाला वकीलबाईंकडे जाणार. सही करायला या किंवा येऊ नका."

"अकरा वाजेपर्यंत थांब! पाया पडतो तुझ्या! अकरा वाजले की सगळं सांगतो!"

"का? अकराला ती निघते?"

दार बंद झालं. सर तिथेच टीपॉयवर बसले. चौदा वर्षं जिच्यापुढे तोंड उघडलं नाही म्हणून हेडबाईंपुढे फुशारकी मारली, तिला आज थांबवायला एक अख्खं वाक्य तयार होतं, आणि ते उद्यापर्यंत उच्चारायची सोय नव्हती.

सोमवारी सर शाळेच्या वऱ्हांड्यात घड्याळाखाली उभे होते. साडेदहा झाले. दहा चाळीस. आता वकीलबाई टाइप करत असतील. दहा पन्नास. आता बायको पेन शोधत असेल. शिपाई म्हणाला, "सर, काटा असा बघून पळत नसतो." अकराची घंटा झाली, पाकीट फुटलं, आणि सरांनी हेडबाईंच्या हातातून उरलेली एक प्रत अक्षरशः हिसकावली.

"अहो, कुठे निघालात?"

"संसार सोडवायला!"

गाडीला त्यांनी हातही लावला नाही. दोन गल्ल्या पळत, वकीलबाईंचे तीन जिने चढून ते आत कोसळले. बायकोच्या हातात पेन होतं. टोपण निघालेलं होतं. शेजारी मेहुणा साक्षीदार म्हणून भांग पाडून बसला होता.

"प्रश्न... दुसरा... वाच!"

बायकोने कागद घेतला. लॅबमधला नमुना भिंगाखाली धरावा तसा तो वाचला. एकदा, दोनदा. "एक मुलगी सकाळी सात वाजता सायकलने..." मग चौथा. मग सातवा, ज्यात दोन बहिणी भिंत रंगवत होत्या. तिने पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे बाई नाही?"

"सायकल आहे, बाई नाही!"

"नऊ वाजता," वकीलबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी अर्जाच्या मागे आकडेमोड केली होती. "चोवीस किलोमीटरवर गाठतो. बरोबर ना, सर?"

बायको हसली. सरांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. नोकरी वाचली, बायको वाचली! असा नशीबवान माणूस जगात दुसरा नसेल!

एवढ्यात कोपऱ्यातून हुंदका आला. मेहुणा कपाळ बडवत होता. "अख्खा पेपर! महिनाभर! माझ्या खिशात! आणि मी काय ऐकत बसलो, तर भाऊजींचं लफडं!" तो तळमळून फोनवर अहवाल चाळू लागला. "सगळं असेल यात, सगळं... गाडी उभी, अडतीस तास. चालकाचं बोलणं, तीन तास दहा मिनिटं. आणि हे काय? चालकाचं घोरणं, उरलेला सगळा वेळ. सूचना, चालकाने मऊ उशी घ्यावी."

बायकोचं हसू जागच्या जागी थांबलं. महिनाभर रोज लॅबमधून येऊन भांडी, कपडे, भाजी आणि भावाचा चहा तिने एकटीने केला होता. शाळेच्या महत्त्वाच्या कामासाठी.

"अडतीस तासांतून तीन तास दहा मिनिटं गेली," तिने शांतपणे विचारलं. "किती उरले?"

"चौतीस तास पन्नास मिनिटं," सर म्हणाले. इतकी वर्षं शिकवून, तोंडी गणित चटकन सुटल्याचं त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

बायकोने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.