शब्द वापस घे, बाप्पा

दानेलदादासमोर कुणी शिवी दिली, की तो गाडी थांबवायचा. मागं कापसाच्या गाड्यांची रांग तटलेली असो, ऊन डोक्यावर आलेलं असो, तो खाली उतरायचा, शिवी देणाऱ्यापाशी जायचा आणि हात जोडून म्हणायचा, "शब्द वापस घे, बाप्पा. तोंडातून निंघाला का तो कामाले लागते."

एकदा एका गाडीवानानं वैतागून आपल्या चाकाला 'मोडून पड' म्हटलं. दादानं त्याला चाकाची माफी मागायला लावली. त्यानं मागितली, कारण त्याशिवाय दादा वाट सोडेना.

ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस थांबलेला, विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडं डोळे लावून बसलेल्या. अमरावतीहून अकोल्याकडं गाड्यांवर गाड्या निघत. मी एका व्यापाऱ्याकडं कारकून होतो. मालाबरोबर जायचं आणि तो अकोल्याच्या वखारीत पोचता करायचा, एवढंच काम. मालक दादाचीच गाडी पुढं ठेवी. उशीर झाला तरी हा माणूस वजन वाढवायला कापसावर पाणी मारणार नाही, याची त्याला खात्री होती.

दादा मूळचा गोविंदा. पाद्रीसाहेबांकडं बाप्तिस्मा घेऊन तो दानियेल झाला आणि आमच्या लोकांच्या जिभेवर त्याचं दानेल झालं. नव्या धर्मातली एक गोष्ट त्याच्या मनात फार खोल गेली होती. "देवानं जग हातानं नाही केलं, मास्तर," तो मला सांगायचा. "नुसता बोलला. उजेड हो म्हणे, तं झाला. आन् आपन त्याचीच लेकरं. आपल्याई तोंडात थोडं थोडं तेच हाय." म्हणून तो विहिरीला बरं बोलायचा, पेरलेल्या शेताला बरं बोलायचा. विंचू दिसला तर त्यालाही 'जा बाप्पा, सुखी राय' म्हणायचा, मात्र जरा लांबून.

मला तो पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणे. मी कसला मास्तर? आमच्या घरात माझ्याआधी कुणाला सहीसुद्धा येत नव्हती. तसं म्हटलं तर म्हणाला, "नाही तं होशीन. मी बोलून ठेवतो." बाकीचे गाडीवान हसायचे, मास्तर, जरा बैलाले शिकवा, म्हणायचे. पण रोज एखाद्या नावानं हाक ऐकली, की माणूस हळूहळू त्या नावाला ओ देऊ लागतो. पुढं मी मुंबईला जाऊन शिकलो, बी.ए. झालो. आज वर्गात पोरं मास्तर म्हणतात, तेव्हा मला पहिल्यांदा दादाचाच आवाज ऐकू येतो.

वाटेत वलगाव लागे. तिथं एका कुंपणापाशी दादा बैल आवरायचा आणि आत पाहून हळू म्हणायचा, "येतो वं. देव तुले सुखी ठेवो." आतून उत्तर येत नसे. ती त्याची सासुरवाडी. बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी त्याची बायको, सगुणाबाई, माहेरी निघून आली होती, आणि निघताना म्हणाली होती की आजपासून तुमच्याशी बोलणं बंद.

मी एकदा म्हटलं, दादा, साऱ्या मुलखाला शब्द परत घ्यायला लावता, मग त्यांनाही सांगा. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तिचा शब्द हाय, मास्तर. तिनंच वापस घ्यावा. मी जबरदस्ती केली, तं माहा देव काय कामाचा?"

त्या हंगामात दादानं सरदार नावाचा बैल घेतला. दिसायला देखणा, पण आधीच्या मालकाकडं शिव्यांवर वाढलेला. शिवी ऐकल्याशिवाय पाय उचलत नसे. दादा म्हणे, "चाला राजे." राजे उभेच. मग मागचा गाडीवान दादाला ऐकू जाणार नाही अशी एक शिवी हासडायचा, सरदार चालू लागायचा, आणि दादा मला म्हणायचा, "पाहा मास्तर, गोड शब्दाची ताकत."

एके दिवशी आमची एकटीच गाडी होती. नेमका त्याच कुंपणापाशी सरदार थांबला आणि त्यावरचा वालाचा वेल खाऊ लागला. हळूच शिवी देणारं मागं कुणी नव्हतं. मला शिव्या येत होत्या, पण दादासमोर जीभ उचलेना. दादा आर्जवं करत होता आणि बैल शेंगा चावत होता.

दार उघडलं. सगुणाबाई हातात सूप घेऊन बाहेर आल्या. "मुडदा बसो याचा! सारा वेल खाल्ला. हाकला न वो, तोंडाकडे काय पाहून राहिले?"

सरदारला आपली भाषा कळली. तो गाडी घेऊन तरातरा निघाला आणि मी त्याच्यामागं धावलो. कासरा धरून गाडी परत आणली, तर दोघंही होते तिथंच उभे. आपण कुणाशी बोललो, हे सगुणाबाईंना आता कळलं होतं. त्यांनी पदर सारखा केला. मग विचारलं, "जेवले का?"

दादानं मानेनंच नाही म्हटलं.

धर्म सोडलेल्या दादाला घरात घेतलेलं त्यांच्या भावांना चाललं नसतं. सगुणाबाई आत जाऊन भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या आणि कुंपणावरून त्याच्या हातात दिली. मी सरदारला घेऊन बाभळीखाली बसलो; अकोला कुठं पळून जात नव्हतं. सगुणाबाई मोडलेला वेल पुन्हा काट्यांवर चढवत होत्या आणि दादाकडं न पाहता सांगत होत्या, की यंदा विहिरीचं पाणी खाली गेलं, म्हातारीचे गुडघे धरलेत, धाकट्या भावाला मुलगी झाली. दादा रस्त्यात उभा, हातातला घास हातातच, आणि एकेका गोष्टीला म्हणत होता, "हो वं. हो."