शिट्टीनंतरचा धक्का

एका जंगलात, बाळांनो, बास्केटबॉलचं खूळ शिरलं होतं. वडाच्या फांदीला बूड नसलेली टोपली टांगली, की झालं मैदान तयार.

पंच होती टिटवी. शिट्टी तिच्या गळ्यातच होती. नियमांचं पुस्तक अख्ख्या जंगलात तिने एकटीनेच वाचलं होतं, आणि बिचारीचा त्यावर विश्वासही होता.

बिबट्या स्टार खेळाडू. त्याला एक खोड होती. शिट्टी वाजून खेळ थांबला, की हा समोरच्या संघातल्या भेकराच्या बरगडीत खांदा हाणायचा. भेकर कोलमडायचं. माकडं टाळ्या पिटायची.

टिटवीने टेक्निकल फाउल दिला.

बिबट्याचा मामा वाघ. तोच क्रीडा समितीचा अध्यक्ष. लगेच बैठक बसली.

"बाई, शिट्टी वाजली म्हणजे खेळ थांबला ना?" वाघाने विचारलं.

"हो."

"मग थांबलेल्या खेळात फाउल कसला? शिट्टीनंतर पंचाचा अधिकार संपला. पुढचं ते दोघं बघून घेतील."

समितीतल्या अस्वलाने झोपेतच हात वर केला. ठराव मंजूर.

बाहेर भेकर उभं होतं. "ताई, उद्या शिट्टी जरा हळू वाजवाल? म्हणजे त्याला ऐकू जाणार नाही."

टिटवीच्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी तिने सामना सुरू केला आणि चोच मिटली ती मिटलीच. चेंडू ओढ्यात गेला. खेळाडूही मागोमाग ओढ्यात उतरले. शिट्टी नाही. बिबट्याचा खांदा शिवशिवायला लागला.

"ओ मॅडम, वाजवा की!"

"वाजवली की माझा अधिकार संपतो. तुझ्या मामांचाच ठराव आहे."

दुपार कलली. बिबट्याला राहवेना. त्याने भेकराला आडवं केलंच.

आता टिटवी अशी कडाडली, की झोपलेलं अस्वल दचकून उठलं. "फाउल! चालू खेळातला! चल, हो बाहेर!"

भेकराने लंगडत दोन्ही फ्री थ्रो टोपलीत टाकले आणि सामना जिंकला.

वाघ मुळीच चिडला नाही. त्याने टिटवीचा जाहीर सत्कार केला. शाल, नारळ आणि समितीचं सल्लागारपद. सल्लागाराने मैदानात उतरायचं नाही, हा नियम तिथल्या तिथे झाला.

"मग पंच कोण?" टिटवीने शालीतून मान बाहेर काढली.

"गोगलगाय. तिच्या आवाजाबद्दल आजवर एकही तक्रार नाही."

तात्पर्य : खेळाडूला बाहेर काढायला फाउल लागतो, पंचाला शाल पुरते. म्हणून बाळांनो, काम चोख करावं, पण सत्कार होण्याइतकं चोख कधीही करू नये.