कापसाची एअरबॅग

गाडी उन्हात तापतेय, जरा पोफळीच्या सावलीत घ्यावी, एवढंच प्रफुल्लच्या मनात आलं होतं. (त्याच्या मनात काही आलं की प्रज्ञाच्या पोटात गोळा यायचा, पण त्या वेळी ती शाळेत शिकवत होती.) दिवेआगरच्या त्यांच्या वाडीत पानांतून ऊन झिरपत होतं, आणि ते बघता बघता प्रफुल्लचा पाय ब्रेक सोडून भलतीकडेच पडला. गाडी कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळली, फाट्कन आवाज झाला आणि त्याचं तोंड पांढऱ्याशुभ्र ढगात बुडालं.

लागलं काहीच नाही. उलट एअरबॅगेवर गाल टेकवून तो बराच वेळ पडून राहिला. पांढरी पूड तरंगत होती, लांब समुद्र गाजत होता. आपण आभाळातच कुठेतरी नोकरीला लागलोय आणि तिथे साहेब नाही, असं त्याला वाटत होतं.

घोळ होता तो रविवारचा. प्रज्ञाला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि आईला आणायला माणगावला ती स्वतः गाडी चालवत जाणार होती. हे शाळेत सगळ्यांना सांगूनही झालं होतं. प्रफुल्लने माणगावच्या हर्षद मेकॅनिकला फोन लावला.

"एकदा फुगलेली बॅग परत वापरायची नाही," हर्षद म्हणाला. "नवीच लागते, त्याच मॉडेलची, ती पण अधिकृत ठिकाणी बसवायची. जुनी कोंबून दिली तर कायद्यात बसत नाही. यायला वेळ लागेल."

प्रफुल्ल तालुक्याला कारकून. एक शिक्का कमी म्हणून त्याने लोकांचे कितीतरी अर्ज परत पाठवले होते. पण आपल्या अंगणातल्या गाडीला कायदा कशाला बघायला येतोय, असं त्याला वाटलं आणि तो बॅग घेऊन बोर्लीला गाद्या शिवणाऱ्या गुणाजीकडे गेला.

"हवा न्हाय भरायची?" गुणाजीने विचारलं.

"नको."

"मग कापूस भरतो. आपटलात तर मऊ लागंल."

काम सुरेख झालं. स्टिअरिंगमागचा एअरबॅगचा लाल दिवा तेवढा विझेना, तर प्रफुल्लने त्यावर प्रज्ञाचीच एक टिकली चिकटवली. गडग्याला जरा घासली होती, सगळं नवं करून घेतलं, असं त्याने तिला सांगून टाकलं.

रविवारी प्रज्ञा इस्त्रीची साडी नेसून स्टिअरिंगपुढे बसली. आरसा नीट केला. प्रफुल्ल चावी मुठीत धरून बाहेरच उभा.

"द्या की."

"आज वारा फार आहे."

"वाऱ्याने गाडी उडते?"

"आपण एसटीने जाऊ."

"माझ्या चालवण्यावर भरवसा नाही, असं सरळ म्हणा ना," प्रज्ञा म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

प्रफुल्लने तिच्याकडे बघितलं. ही आपली बायको, आणि हिच्या छातीसमोर आपण उशी शिवून ठेवलीय. त्याने सगळं सांगितलं, अगदी टिकलीसुद्धा. प्रज्ञाने टिकली काढली. लाल दिवा काही लागला नाही, कारण चावी अजून त्याच्याच मुठीत होती. मग ती हसायला लागली, ती थांबेचना.

शेवटी ते एसटीनेच निघाले. खिडकीतून वारा येत होता, मागे समुद्र निळा होत चालला होता. प्रज्ञाने हर्षदला फोन लावला.

"भाऊ, गाडी टो करून न्या. नवी बॅग बसेपर्यंत थांबू आम्ही. आणि शेजारच्या सीटचीही नीट तपासा. तिथे हे बसणार आहेत."

प्रफुल्लला भरून आलं. इतकं करूनही हिला आपली काळजी. त्याने डोळे मिटून हळूच तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"नाही हो, काळजी कसली," प्रज्ञा फोनवर सांगत होती, "तिथे काय शिवलंय, ते आधी उसवून बघा."