आपली पाठ पाठवावी

विद्यापीठाच्या ऑनलाइन विभागाच्या बाई म्हणजे शुद्धलेखनाचं वारं अंगात घेऊन जन्मलेलं माणूस. बाळंत झाल्या तेव्हा म्हणे आधी भिंतीवरच्या सूचनेतली वेलांटी दुरुस्त केली, मग मुलाचं तोंड पाहिलं! "माझ्या परिपत्रकात एक चूक दाखवा, नाव बदलीन," असं त्या अख्ख्या मजल्याला ऐकवायच्या.

तर या बाईंच्या विभागाला वर्षाचा निधी मिळणार की नाही, ते शुक्रवारी ठरायचं होतं. वित्त अधिकारी स्वतः येऊन नवे पाठ बघणार. पसंत पडले तर सही, नाहीतर विभागाला कुलूप आणि बाईंची रवानगी तळघरात, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सांभाळायला. तळघर असं, की तिथले उंदीरसुद्धा चष्मा लावून फिरतात.

बाईंनी सोमवारीच परिपत्रक लिहिलं. प्रत्येक प्राध्यापकाने आपली चित्रफीत कॅमेऱ्यात टिपून गुरुवारपर्यंत पाठवावी, स्वच्छ दिसावी, दहा मिनिटांची असावी. मग 'चित्रफीत' त्यांच्या कानाला बोजड लागली. ती खोडून त्यांनी सुटसुटीत 'पाठ' लिहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन परिपत्रक धाडून दिलं. 'आपली' मात्र होती तिथेच राहिली.

दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात कुणी विचारलं असतं, अहो बाई, पाठ कशाला? पण या विद्यापीठाने हजेरीसाठी आधी अंगठे घेतले होते, मग डोळ्यांचे फोटो. आता पाठीची पाळी आली, एवढंच प्राध्यापकांना वाटलं.

गुरुवारी दुपारी बाईंनी कौतुकाने पहिली फाइल उघडली. अर्थशास्त्राचे सर. पाठमोरे. दहा मिनिटं गप्प. इतिहासाच्या मॅडमनी वेणी पुढे घेतलेली, पाठ स्वच्छ दिसावी म्हणून. क्रीडा विभागाच्या सरांनी तर शर्टच काढला होता आणि वर तेल चोपडलं होतं! एकाने सोबत एक्स-रे जोडून डावीकडे चमक येते असंही कळवलं होतं.

शिपाईमामा मागे उभे राहून मन लावून बघत होते. भूगोलाच्या सरांना इस्त्रीवाला बदलायला हवा, असं त्यांचं मत पडलं.

"मामा, मी पाठ मागवला होता."

"नाही बाई, मागवली होती. हे बघा ना, 'आपली' लिहिलंय."

बाईंनी वाचलं. मग खुर्ची कुठे आहे ते न बघताच बसल्या. नशीब, ती तिथेच होती.

सगळ्यांना फोन लावले. निम्मे परीक्षेच्या कामाला परगावी, उरलेल्यांना फोनवरही पाठच ऐकू आली; म्हणाले की पुन्हा टिपायची तर दुसरी पाठ कुठून आणू? अकरा फाइली अशा वाया. बारावी गणिताच्या सरांची. या सरांनी तीस वर्षांत एकही परिपत्रक वाचलं नव्हतं आणि वर्गाकडे कधी तोंडही केलं नव्हतं. फळ्याकडे बघत त्यांनी नेहमीसारखं शिकवलं होतं. पाठ होती, पण पाठही होता! बुडत्या बाईंनी तोच धरला.

शुक्रवारी वित्त अधिकारी आले. टाचणी मागितली तरी जुनी टाचणी जमा करा म्हणणारे साहेब. ते येताना दिसले की कॉरिडॉरमधले पंखेही हळू फिरायचे. बाईंनी गणिताचा पाठ लावला. साहेबांनी मिनिटभर बघितलं आणि खुर्चीत मागे रेलून सुरुवात केली की अहो, यात माणसाचं तोंडच दिसत नाही, असल्या पाठाला विद्यापीठाने का म्हणून...

पडद्यावर खडू थांबला. सर वळले नाहीत. फळ्याकडे बघतच म्हणाले, "मागे कोण बोलतंय? उभा राहा."

आणि साहेब उभे राहिले.

नुसते उभे नाहीत, मान खाली घालून! बाईंना एका क्षणात उमगलं, हे ध्यान कधीतरी याच सरांच्या वर्गात मागे बसलेलं आहे. त्यांनी मंजुरीचा कागद अलगद पुढे सरकवला. साहेबांनी पडद्यावरची नजर न काढता, उभ्या उभ्या सही ठोकली.

पाठ पुढे चालू झाला. साहेब बाईंकडे किंचित झुकले.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "सर पुढे 'बस' म्हणतात का हो?"

बाईंनी पाठ तीनदा बघितला होता.

"नाही म्हणत," त्या म्हणाल्या.

"बरं," म्हणाले साहेब, आणि हाताची घडी घालून तसेच उभे राहिले.