लँडमार्कसकट प्रार्थना

फिलोमिनाची देवावर श्रद्धा भरपूर आहे, पण देवाला मुंबईतले पत्ते सापडतील यावर तिचा काडीचाही भरवसा नाही. म्हणून ती प्रार्थनेत पत्ता सांगते. तोही लँडमार्कसकट.

"हे प्रभू, सोनीच्या आजीचा खोकला थांबव. भांडुप वेस्ट, टेकडीवर, पाण्याच्या टाकीला वळसा मारून दुसरी गल्ली. पिठाच्या गिरणीत विचारू नको, तो माणूस चुकीचं सांगतो. आमेन."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फिस्सकन हसले. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे असं काही बघितलं, की निवृत्त बँक ऑफिसर असूनही मी आपोआप हात जोडले.

मी मुलुंडची. निवृत्त झाले आणि समाजसेवेची उबळ आली. वस्तीतल्या मुलांना मी 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवणार, असं सोसायटीभर सांगून बसले होते. टेकडीवर चर्चचा मुलांचा क्लब चालतो, दर रविवारी, पत्र्याच्या एका हॉलमध्ये. फिलोमिना तिथली सर्वेसर्वा. तिने माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान. आता केळी वाट, आणि त्या आधी नाकं पूस सगळ्यांची." तेव्हापासून विकास जोरात चालू आहे, फक्त माझा.

क्लबात सगळ्या धर्मांची पोरं येतात. आयांना एवढंच कळतं, की दोन तास घर शांत असतं आणि पोर खाऊन येतं. गाणी होतात, गोष्ट होते, मी कागदाची होडी शिकवते, जी मलाच नीट जमत नाही. शेवटी सगळे गोल बसतात आणि प्रत्येकाने देवाकडे काहीतरी मागायचं असतं. कोणी नळाला पाणी मागतं, कोणी बापाची दारू सुटू दे म्हणतं. फिलोमिना डोळे मिटून ऐकते आणि मधेच टोकते, "पत्ता?" एकाने आजारी बकरीसाठी मागितलं, तर म्हणाली, "बकरी कुठे बांधता ते सांग ना. त्याने काय घरोघरी विचारत फिरायचं?"

माझी पाळी आली की मी "पास" म्हणते. मी गणपतीसमोर डोळे मिटले तरी गॅस बंद केला का एवढंच आठवणारी बाई. चारचौघांत काय मागणार, कप्पाळ.

फिलोमिनाही स्वतःसाठी कधी मागत नाही. एकदा तिच्या घरी चहा पिताना मी आडून आडून तसं विचारलं, तर उखडली. "मेल्विनचं विचारायचंय ना तुला? मग सरळ विचार."

मेल्विन तिचा एकुलता एक. भांडुपला नवऱ्याने घेतलेली चाळीतली खोली होती, ती बिल्डरला द्यायची की नाही यावरून मायलेकांचं वाजलं. देऊ नको, तो म्हणत होता. हिने सही केली. तो रागारागाने गल्फला गेला, तो गेलाच. आता चाळीच्या जागी पत्रे ठोकलेत, बिल्डर गायब आहे, आणि फिलोमिना नाहूरला भाड्याने राहते.

"बरोबर होता तो," ती म्हणाली. "फोनचा नंबर मी बदलला नाय. पण तो फोन नाय करणार, बापावर गेलाय. येईल तेव्हा डायरेक्ट दारात येऊन उभा राहील. पण दार कुठाय गं तिथे?"

"मग देवाला सांग की."

"कुठल्या तोंडाने सांगू? सही मीच केली ना."

मी उठले आणि दोघींचे कप विसळून ठेवले.

नाताळच्या आधीच्या रविवारी गोल बसलो होतो. माझी पाळी आली, पोरांनी माझ्या वतीने "पास" म्हणूनही टाकलं. मी म्हटलं, "थांबा रे."

"देवा, म्हणजे प्रभू, नमस्कार." पोरं खुसुखुसु हसायला लागली. "फिलोमिनाच्या मेल्विनला नाताळला घरी पाठव."

"पत्ता?" तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग तिला कळलं मी काय मागितलं ते.

आता माघार कुठली. "नाहूर स्टेशन. ईस्टला बाहेर पडायचं…"

"वेस्टला, टीचर," सोनी म्हणाली.

"हां, वेस्टला. मग मेडिकलचं दुकान, त्याच्या अलीकडे, नाही, पलीकडे…" इतक्यांदा गेलेय मी तिच्याकडे, पण रिक्षात बसून फोन बघत. माझ्या भरवशावर मेल्विन थेट ठाण्याला पोचला असता. फिलोमिना आता झापणार म्हणून मी मान खाली घातली.

ती झापेना. वर बघितलं, तर तिचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. मलाही रडू आवरेना. मग ती हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी नाही आणि देवाशीही नाही.

"मेडिकलच्या पुढे ये, मेल्विन. निळ्या गेटची बिल्डिंग. तिसरा माळा. लिफ्ट बंद असते, जिन्याने ये. बेल वाजत नाय, पण वाजवायला नको. दार मी लोटूनच ठेवते."